पहिल्या पाळीची स्कूटर

ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी ठेवू नका. मी कोणाची शपथ घेणार नाही.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांना खुर्चीत बसवून "आता नीट दिसतंय का?" असं दिवसभर विचारायचं, हे माझं काम. भुताखेतांना मी आयुष्यात कधी थारा दिला नाही. लहानपणी मैत्रिणी असल्या गोष्टी सांगायला बसल्या की मी मध्येच शंका काढून सगळ्याचा विचका करायची. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

पण हे घडलंय. आमच्याच घरात, गेल्या थंडीत.

आणि एकदा नाही. रोज.

माझा नवरा गेला त्याला तेव्हा महिना होत आला होता.

तो पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होता. पहाटेची पहिली पाळी कोणालाच नको असते, पण याला तीच हवी असायची. उजाडायच्या आत घरातून निघायचा. आणि निघायच्या आधी अर्धी गल्ली जागी करायचा.

कारण ती स्कूटर.

मुळात ती माझ्या सासऱ्यांची. त्यांनी घेतली तेव्हा माझा नवरा शाळेतही जात नव्हता. पुढे ती त्याच्याकडे आली. एकदा इंजिन तापलं की दिवसभर तिची काही तक्रार नसायची. पण थंडीतली पहिली किक म्हणजे जीव नकोसा. कार्बोरेटर आजारी होता तिचा. पेट्रोल कधी जास्त सोडायचा, कधी सोडायचाच नाही. मग चोक ओढायचा, गाडी एका अंगावर कलती करायची, जरा थांबायचं, सरळ करायची आणि किक मारायची.

फट्. काही नाही.

पुन्हा किक. पुन्हा काही नाही.

मी स्वयंपाकघरातून ओरडायची, अरे टाकून दे ते धूड, नवी घे. तो म्हणायचा, या घरात ती तुझ्या आधी आली आहे, जरा मान देऊन बोल.

त्या दिवशीही असंच चाललं होतं. मी त्याचा न्याहारीचा डबा भरत होते. बाहेर किक, किक, किक. मग आवाज थांबला. मला वाटलं आता लागेल. लागली नाही. मी डोकावले तर तो दाराच्या पायरीवर बसला होता, हेल्मेट मांडीवर घेऊन. म्हणाला, "जरा पाणी दे गं."

मी पाणी आणायला आत गेले.

परत आले तेव्हा तो तसाच बसलेला होता, पण पाणी प्यायला तो नव्हता.

डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिनी आधीच बंद होत आली होती. पंपावर झालं असतं, नाहीतर आंघोळीला गेल्यावर झालं असतं. मी ते मान्य केलं. काय करणार?

सासऱ्यांनी मान्य केलं नाही. त्यांना मी बाबाच म्हणते. जन्मभर त्यांनी शिलाई मशिनं दुरुस्त केली. बंद पडलेलं यंत्र म्हणजे कोणाचा तरी हलगर्जीपणा, असं त्यांचं ठाम मत. महिनाभर ते एकच वाक्य बोलत होते. ती पहिल्या किकेला लागली असती तर माझा पोरगा आज असता.

सासूबाई पहाटेच उठून अंधारात खिडकीशी बसायच्या.

स्कूटर घराच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली उभी होती. मी तिच्यावर जुनी चादर टाकली होती. दिसायला नको, एवढंच.

त्या पहाटे मी झोपेतच होते. खिडकी बंद होती, तरी थंडी आत शिरत होती. अंगावर पांघरूण ओढता ओढता मला बाहेर आवाज आला.

किक.

मग जरा शांतता.

पुन्हा किक.

मी कूस बदलली. मनात म्हटलं, आज पण लागत नाही वाटतं.

आणि मग... मला आठवलं.

मी डोळे उघडले नाहीत. उघडायची हिंमतच झाली नाही. बाजूची उशी रिकामी होती, हे मला हात न लावताही माहीत होतं. बाहेर स्टँडचा करकर आवाज आला. गाडी कलती केल्यावर येतो तो. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा किक, किक, किक. आधी जोरात, मग दमून दमून.

आणि मध्येच... "च्च."

गाडी लागली नाही की तो जीभ टाळूला लावून असं करायचा. तो आवाज जगात दुसऱ्या कोणाचा नाही.

मी उठले. खिडकीचा पडदा बोटभर बाजूला केला. बाहेर अजून झुंजुमुंजू होतं. शेडखाली कोणी नव्हतं. चादर मात्र खाली पडली होती आणि स्कूटरची किक... दाबून सोडल्यावर येते तशी, हळूहळू वर येत होती.

मी पडदा सोडला आणि पलंगावर जाऊन बसले. रडू आलं की भीती वाटली, ते आजही सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

सकाळी मी स्वतःला समजावलं. दुःखात माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. चादर वाऱ्याने पडली असेल. मांजर असेल. मी ती चादर झाडून परत घातली आणि कोपऱ्यांना विटा ठेवल्या.

दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

या वेळी उजाडल्यावर मी लगेच बाहेर गेले. विटा जागच्या जागी होत्या. चादर बाजूला नीट घडी घालून ठेवलेली होती. रात्रभर दव पडलं होतं, सगळी स्कूटर ओली. सीट ओली, पुढचा पत्रा ओला, आरसा ओला.

हँडलच्या दोन्ही मुठी मात्र... कोरड्या होत्या.

मी घरात कोणाला काही सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसांना अजून घोर कशाला? दुकानात गेले आणि एका गिऱ्हाइकाला लांबचा नंबर जवळचा म्हणून लिहून दिला. मालक म्हणाले, सुट्टी वाढवून घ्या हवी तर. मी म्हटलं, घरी बसून मला वेड लागेल.

मग शेजारचे मास्तर भेटले. निवृत्त माणूस, रागीट, पण मनाने वाईट नाही. गेटपाशी मला थांबवून, जरा संकोचतच बोलले. म्हणाले, "तुमच्यावर प्रसंग आलाय, कळतं मला. पण ती गाडी एकदा कोणाला तरी दाखवून घ्या. रोज पहाटे एवढ्या किका. आमच्या हिची झोप मोडते."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

मास्तरांना वाटलं, त्यांनी मला दुखावलं. बिचारे किती वेळ माफी मागत होते.

मी घरात आले तेव्हा बाबा बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. सगळं ऐकलं असावं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्याला बोलावलंय मी."

उद्या म्हणजे आमच्या भागातला मेकॅनिक. खरं नाव त्याच्या बायकोलाच माहीत असेल. कधीही विचारा, गाडी कधी मिळेल, उत्तर ठरलेलं. म्हणून सगळेच त्याला उद्या म्हणतात, आणि तोही हाक मारली की ओ देतो.

मी बाबांना विचारलं, गाडी विकायची आहे का?

"विकायची नाही. चालू करायची आहे."

"बाबा, कशाला? चालवणार कोण?"

त्यांनी शेडकडे बोट केलं. मग म्हणाले, "तुला ऐकू येत नाही का?"

म्हणजे माझ्या एकटीचे भास नव्हते ते. मी विचारलं, तुम्हाला कधीपासून? म्हणाले, पहिल्या आठवड्यापासून. आधी वाटलं आपलं वय झालं. मग एकदा शेडपर्यंत जाऊन आलो. दिसत काहीच नाही. फक्त आवाज.

आणि मग तो कडक माणूस लहान पोरासारखा रडायला लागला.

"त्याचा पाय दुखत असेल गं पोरी. किती दिवस किका मारतोय. कामाला उशीर होतोय त्याला, आणि ही लागत नाही."

मी खाली त्यांच्या पायाशी बसले. मग दोघंही रडलो. तो गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र असे रडलोच नव्हतो.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि आत गेल्या.

उद्या आला. चक्क त्याच दिवशी. त्याने कार्बोरेटर खोलला. जेटच्या, म्हणजे पेट्रोल जिथून फवारतं त्या नळीच्या, भोकात चिखलासारखा गाळ बसला होता. सुई झिजली होती, त्यामुळे पेट्रोल नको तेव्हा आत गळत होतं. त्याने जेट साफ केला, सुई बदलली, प्लग नवा घातला. दुसऱ्याच किकेला स्कूटर सुरू झाली.

इतक्या दिवसांनी तो आवाज अंगणात घुमला, तर सासूबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी बाबांकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बरं दिसलं.

रात्री ते म्हणाले, आता पहाटे जाईल तो, सुटेल बिचारा. आणि लवकर झोपले. मला झोप आली नाही. तो सुटावा असं मलाही वाटत होतं. आणि सुटू नये असंही वाटत होतं. नवरा गेलेल्या बाईला विचारा, दोन्ही एका वेळी कसं वाटतं ते.

पहाट झाली.

किक.

मी श्वास रोखून पडले होते.

किक... किक...

लागली नाही.

स्टँड करकरला. पुन्हा किक. कितीतरी वेळ चाललं. शेवटी ते "च्च" आणि मग सगळं शांत झालं. बाजूच्या खोलीतून बाबांचा हुंदका ऐकू आला.

त्यानंतर बाबांनी हातच घातला त्या गाडीत. टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, कार्बोरेटर काढून आणायचा, शिलाई मशिनची बारीक हत्यारं काढायची आणि दिवसभर त्यात डोकं घालून बसायचं. संध्याकाळी सगळं परत जोडून गाडी चालू करून बघायचे. संध्याकाळी ती मुकाट लागायची. थोडा वेळ फटफटत राहायची. मग ते हात धुवायला आत यायचे आणि सासूबाईंना सांगायचे, बंद कर गं.

पहाटे पुन्हा तेच रडगाणं.

माझा जीव आता बाबांसाठी खालीवर होत होता. त्यांचंही हृदय काही धड नाही. जिना चढू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि हे रोज संध्याकाळी किका मारत होते. चेहरा काळवंडत चालला होता. मी बोलले, विनवलं, एकदा तर हत्यारं लपवून ठेवली. ते म्हणाले, माझा पोरगा दारात अडकलाय आणि मी जिना मोजू का?

मी हत्यारं परत काढून दिली.

शेवटी उद्याने सांगितलं, काही न हलवता मला पहाटेनंतर लगेच बघू दे. आणि उजाडता उजाडता खरंच आला. सीटखाली हात घालून त्याने पाहिलं, मग कार्बोरेटरचं खालचं झाकण उघडलं. आत थेंब नव्हता.

"कोरडा ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आणि टाकीतून येणाऱ्या पेट्रोलचा कॉक बंद आहे. अशा दिवसभर किका मारल्या तरी लागायची नाही. रात्री कॉक बंद कोण करतं?"

बाबा म्हणाले, कोणी नाही.

उद्याने माझ्याकडे पाहिलं. मग हँडलकडे पाहिलं. सगळीकडे दव होतं आणि मुठी कोरड्या होत्या. त्याने हत्यारं गोळा केली. चहा टाकलाय म्हटलं तर म्हणाला, नको वहिनी, उद्या घेईन. त्यानंतर तो कधीच आला नाही.

मला खरी भीती वाटली ती त्या दिवशी. वाटलं, तोच बंद करतो की काय कॉक? त्यालाच जायचं नाहीये की काय? दिवसभर दुकानात तोच विचार. एका बाईला तिचाच जुना चष्मा नवा म्हणून घालून बघायला दिला.

संध्याकाळी मी नेहमीपेक्षा लवकर घरी आले. गेटमधून आत शिरतानाच स्कूटरचा आवाज येत होता. बाबांनी चालू करून बघितली होती आणि आत गेले होते. शेडखाली सासूबाई एकट्या होत्या.

त्या गाडीशेजारी खाली बसल्या. बंद करायचं बटण हँडलवर असतं. त्यांनी त्याला हातही लावला नाही. सीटखाली हात घालून कॉक फिरवला आणि तशाच बसून राहिल्या. इंजिन थोडा वेळ चाललं. मग आतलं पेट्रोल संपत गेलं तसं अडखळायला लागलं, आणि बंद पडलं.

मी म्हटलं, "आई."

त्या दचकल्या नाहीत. पदराने हात पुसत म्हणाल्या, "त्यानेच दाखवलं होतं मला. तुम्ही दोघं फिरायला गेला होता ना, तेव्हा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असली की असं करायचं म्हणाला. एरवी रोजचा तो कॉक उघडाच असतो. त्याच्या लक्षात कसं येणार? उजाडलं की यांना कळायच्या आत मी तो परत उघडून ठेवते."

"पण का, आई?"

"गाडी लागली की तो जाणार."

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. त्याच बोलत राहिल्या. "पहाटे मी त्या खिडकीशी बसते. तो असतो तिथे. मला दिसत नाही, पण असतो. त्याचं ते च्च ऐकू येतं. तेवढ्यावर माझा दिवस जातो गं. उद्यापासून मी काय ऐकू?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या महिन्यात आम्हा तिघांत त्याच एकट्या बऱ्या दिसत होत्या. पहाटे उठून, तोंड धुऊन, केस विंचरून अंधारात खिडकीशी बसायच्या. मला वाटायचं, झोप लागत नसेल.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मलाही ती किक ऐकायची होती, खोटं कशाला बोलू? रात्री बाबांनी आतूनच विचारलं, कॉक उघडा आहे ना, मला अंधारात वाकून दिसत नाही. सासूबाई म्हणाल्या, आहे. मी ताटातलं जेवण चिवडत राहिले. मनात म्हटलं, सकाळी आईंशी नीट बोलू. समजावू त्यांना.

पण सकाळ तशी आलीच नाही.

पहाटे किक सुरू झाली. आणि थोड्या वेळाने मला दुसरा आवाज आला. बाबांच्या चपलांचा.

मी धावत बाहेर गेले. कडाक्याची थंडी होती. बाबा नुसत्या सदऱ्यावर शेडखाली उभे होते. समोर कोणीच नव्हतं आणि ते हवेशी बोलत होते. अगदी हळू, प्रेमाने.

"तू सरक. दमलास तू. मी मारतो."

आणि त्यांनी किक मारली. मग दुसरी. मग अजून. मी त्यांचा दंड धरला, त्यांनी झटकला. सत्तरीतला माणूस, पण मला आवरेना. गाडी लागत नव्हती. लागणारच नव्हती.

मग ते थांबले. कपाळ घामाने डबडबलेलं. वळून पायरीपर्यंत आले आणि खाली बसले. त्याच पायरीवर. छातीवर हात ठेवून मला म्हणाले, "जरा पाणी दे गं."

मी जागची हलले नाही. मी पाण्याला आत जाणारच नव्हते. मी त्यांना घट्ट धरून बसले आणि आईंना हाका मारत सुटले.

सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

मास्तरांनी गाडी काढली म्हणून दवाखान्यात वेळेवर पोचलो. बाबा वाचले. डॉक्टर म्हणाले, या वेळी निभावलं, पुन्हा असं झालं तर माझ्याकडे आणूसुद्धा नका. दोन दिवसांनी त्यांना घरी आणलं. ते दोन दिवस पहाटे घरी कोणी नव्हतं. मास्तरांची बायको म्हणाली, किका चालूच होत्या.

घरी आलो त्या संध्याकाळी सासूबाई शेडमध्ये गेल्या. मी मागे गेले नाही. खिडकीतूनच पाहिलं. त्यांनी कॉक उघडला. मग सगळा जोर लावून गाडी कलती केली आणि धरून ठेवली. कार्बोरेटर भरायला वेळ देत होत्या. गाडी सरळ केल्यावर सीटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बोलत होत्या काहीतरी. काय, ते मी कधी विचारलं नाही.

आत येऊन त्यांनी बाबांना सांगितलं, "कॉक मीच बंद करत होते."

बाबांनी त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. मला वाटलं आता भडकतील. ते फक्त म्हणाले, "मला कळायला हवं होतं गं."

पहाटे आम्ही तिघंही जागे होतो. बाबांच्या पलंगाशी बसलो होतो. दिवा लावला नाही. सासूबाईंनी माझा हात धरला होता, आणि त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

किक.

काही नाही.

स्टँडचा करकर आवाज. थोडी शांतता...

किक.

आणि गाडी लागली.

एकदम मोकळा, खणखणीत आवाज. कधी नव्हे इतका. त्याने एकदोनदा रेस केली. चोक आत ढकलल्यावर आवाज बदलतो तसा बदलला. मग आवाज हलला. शेडमधून अंगणात आला. गेटची कडी वाजली. मग गल्लीत... मास्तरांच्या घरावरून... कोपऱ्यापर्यंत. तिथे जरा मंदावला, वळला. मग लांब जात जात ऐकू येईनासा झाला.

बाबांनी डोळे मिटले होते, कडांतून पाणी वाहत होतं.

उजाडल्यावर मी बाहेर गेले.

गेट उघडं होतं. कडी मी स्वतः रात्री लावली होती.

स्कूटर मात्र... जागेवरच होती. स्टँडवर, होती तशी. इंजिनला हात लावला तर दगडासारखं थंड. सगळ्या गाडीवर दव होतं.

मुठींवरसुद्धा.

त्या दिवसापासून पहाटे आवाज येत नाही. एकदाही नाही. बाबांची तब्येत सुधारली, रात्रभर शांत झोपतात. मास्तर एकदा म्हणाले, बरं झालं, गाडी दुरुस्त केलीत. मी हो म्हटलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायलाही बसले नसते.

गाडी लागली त्याच दिवशी दुपारी मी जेवायला घरी आले. दुकानातून दुपारची सुट्टी मी आधीपासूनच उशिरा घेते, त्याच्यासोबत जेवता यावं म्हणून. टेबलाशी गेले तर चार ताटं मांडलेली होती.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या अगदी सहज म्हणाल्या, "पहिली पाळी दोनला सुटते. अडीचपर्यंत येतो तो."

मला वाटलं, बाबा तरी काही बोलतील. त्याला सोडवायला जिवावर उदार झालेला माणूस. बाबा हळूहळू येऊन खुर्चीत बसले. चौथ्या ताटाकडे पाहिलं, मग दाराबाहेर गेटकडे.

म्हणाले, "थांबू थोडं."

आता रोज थांबतो.

दुपारची आमची गल्ली ओसाड असते. लांबवर कुठे स्कूटरचा आवाज आला की तिघांचेही हात थांबतात. आवाज निघून जातो. मग सासूबाई वाढायला घेतात. काल एक आवाज कोपऱ्यापाशी मंदावला, वळल्यासारखा वाटला... आणि बंद झाला. बाबा उठून गेटपर्यंत गेले. गल्लीत कोणी नव्हतं. परत येऊन बसले आणि जेवण गार झालं तरी घास घेतला नाही.

मी विचार करते. तो गेल्याचं आम्ही सगळ्यांना कळवलं. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, त्याच्या पंपावरच्या माणसांना. त्याला मात्र कोणी कळवलंच नाही. तो कामावर निघाला होता, गाडी लागत नव्हती. आम्ही गाडी चालू करून दिली आणि तो कामावर गेला. कामावर गेलेला माणूस घरी येतो.

मला तो येण्याची भीती वाटत नाही. येऊ दे. पण तो आला, हातपाय धुऊन आपल्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, आज फार दमलो गं, वाढ लवकर, तर त्याला ते सांगायचं कोणी?

आई सांगणार नाहीत. बाबांना जमणार नाही.

म्हणजे मलाच सांगावं लागणार.